वाक्यातला कर्ता कुठं गेला?



मी जिनिंगमध्ये काम करतो. दिवाळीपासून होळीपर्यंत नाकातोंडात रुईचा धुरळा असतो. शाळा माझी तुकड्यातुकड्यानं झाली, कारण वर्षातले सहा महिने मायबापाबरोबर सांगली-कोल्हापूरच्या फडात जायचे. व्याकरण नंतर शिकलो, रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या पुस्तकातून. कर्ता, कर्म, क्रियापद. त्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती, म्हणून अलंकार मला अजून येत नाहीत. पण कर्ता शोधायची सवय लागली. कुठलाही लेख हातात आला की मी आधी विचारतो, हे केलं कुणी?

हे सांगायचं कारण असं की मागच्या महिन्यात एका कार्यकर्त्या मित्रानं कात्रणांची जाडजूड फाइल आणून दिली. म्हणाला, तू लिही यावर. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जातात, त्यावर २०१९ पासून जे लिहून आलं ते सगळं. बातम्या, संपादकीयं, रविवारच्या पुरवण्यांतले लेख. सोबत विज्ञान-शिक्षणावरचे लेख होते, अमेरिकेतल्या गर्भपाताच्या निकालावरचे होते, निवडणुकीच्या हंगामातले होते. लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. उदारमतवादी, पुरोगामी, चांगली माणसं. माझं भांडण त्यांच्या हेतूशी नाही. हेतू चांगलाच आहे, तो मी आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढं बोलायला मोकळा.

आधी त्यांना त्यांचं श्रेय देतो. एप्रिल २०१९ मध्ये हिंदू बिझनेसलाइन या इंग्रजी पेपरात पिशव्यांची बातमी आली तेव्हाच मुंबईचं मंत्रालय हललं. आपल्या वस्तीत हे वीस वर्षं चाललं होतं आणि आपल्यापैकी कुणाच्या मोर्च्याच्या मागण्यांत ते नव्हतं. बातमीनंतर शासनानं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा बघा, देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत शंभरात तीनच्या थोडं वर. दोन्ही पाहण्या एका मापाच्या नाहीत हे मला कळतं. पण तीन आणि सतरा यातलं अंतर मापाच्या फरकानं भरून निघत नाही.

आता लेखांकडं येऊ. मी एकेक लेख घेऊन पेन्सिलनं क्रियापदांखाली रेघा मारल्या. "शस्त्रक्रिया केल्या जातात." "गर्भाशय काढली जातात." "स्त्रिया बळी पडतात." पानंच्या पानं अशी. जातात, जातात, जातात. कोण काढतं? वाक्यात कुणीच नाही. सुरी आपोआप चालते. आणि जिथं कर्ता सापडतो तिथं तो नेमका बाईच असते. बाई करवून घेते, बाई निर्णय घेते, बाईला माहिती नसते, बाई अज्ञानी असते. म्हणजे ज्या माणसाच्या हातात काहीच नव्हतं तिला वाक्यात कर्तेपण दिलं, आणि ज्यांच्या हातात सुरी, मुस्टर, वजनकाटा होता ते क्रियापदाच्या पोटात लपले. व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. आमच्या जिनिंगमध्ये कुणाचं बोट पट्ट्यात गेलं तर मालक असंच बोलतो. "बोट गेलं." पट्ट्यावर जाळी नव्हती हे त्याच्या वाक्यात कधीच येत नाही.

एका रात्री मी त्यातला एक लेख मायला वाचून दाखवला. माझी माय त्या सतरातली एक आहे. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी मी, एकोणतिसाव्या वर्षी पिशवी गेली. मी तेरा वर्षांचा होतो, दवाखान्याबाहेर बसून धाकट्या बहिणीला सांभाळत होतो. दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं तर सगळी चर्चा त्या एका पाटीवर जाईल, आणि रस्त्यावरच्या बाकीच्या पाट्या सुटतील.

मायनं लेख शेवटपर्यंत ऐकला. मग म्हनली, "बाईनं लई जीव लावून लिवलंय. पर उचल कुठंय ह्याच्यात?"

मी म्हणलं, "कसली उचल?"

"अरं, पिशवी काढायला पैसे कुठनं आले? मुकादमानं दिले. दोन हंगाम फेडले ते. ते लिवलंच न्हाई तिनं."

मी पुन्हा लेख चाळला. मुकादम होता, एका ओळीत, वाईट माणूस म्हणून. उचल होती, एका ओळीत, कर्ज म्हणून. पण या दोन ओळींचा एकमेकीशी असलेला संबंध कुठंच नव्हता. माझ्या दृष्टीनं समीक्षा तिथंच झाली. पुढं मी लिहितोय ते मायच्या एका प्रश्नाचं स्पष्टीकरण आहे.

आपल्याला हे माहीत आहे, तरी शहरातल्या साथींसाठी मांडतो. फडात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर. बाईची कारखान्याच्या दप्तरात नोंद नाही, कारण कारखाना म्हणतो हे मुकादमाचे मजूर, आणि मुकादम म्हणतो हे जोडपं. एक दिवस काम चुकलं तर खाडा. २०१९ च्या बातम्यांत खाड्याचा दर दिवसाला ५०० रुपये सांगितला होता. पाळीचे महिन्याला तीन दिवस धरा. सहा महिन्यांच्या हंगामात अठरा दिवस. नऊ हजार रुपये. कोपीजवळ पाणी नाही, आडोसा नाही, संडास नाही, रात्री गाडी भरायला उठायचं, त्यात कपडा धुवायचा कुठं आणि वाळवायचा कुठं. अंगावरून पांढरं जायला लागतं. बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी बरा होणारा. पण गोळ्यांना पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि पुन्हा तपासणीला जावं लागतं. खाजगी डॉक्टर सोनोग्राफीचा फोटो दाखवून म्हणतो, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, दोन लेकरं झालीत ना, मग कशाला ठेवता? सासू म्हणते काढ. मुकादम म्हणतो पैसे देतो. नवरा गप्प. आता सांगा, माझ्या मायचं अज्ञान कुठं होतं? तिला हिशेब येत होता. हिशेब बरोबर होता. गणितच दुसऱ्यानं मांडलेलं होतं.

अज्ञान नव्हतंच असं मी म्हणत नाही. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं की पिशवीबरोबर अंडाशय काढले तर पाळी त्याच दिवशी कायमची जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगात आगीचे लोट उठतात. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. आज त्रेचाळीस वर्षांची माझी माय साठीच्या बाईसारखी जिना चढते. पण हे ज्ञान ज्याच्याकडं होतं तो तर शिकलेला होता. एमबीबीएसच्या पुढं पदव्या लावलेला होता. मग "जनजागृती" कुणाची करायची?

आता विज्ञान-शिक्षणाचे लेख. २०२३ मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून डार्विनचा उत्क्रांतीवाद काढला. अठराशेच्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. योग्य केलं. मीही सही केली असती, पण दहावी नापासाची सही कुणी मागितली नाही. मराठी पुरवण्यांत यावर धो धो लिहून आलं. त्यातल्या एकाही लेखात हे सापडलं नाही की आपल्या राज्यातली बहुतेक पोरं एनसीईआरटीचं पुस्तक वाचतच नाहीत, बालभारतीचं वाचतात. आणि बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. डार्विन आहे तिथं. तिसऱ्या पाठात माणसाचं प्रजनन आहे, ऋतुचक्र आहे, आकृती आहे. पुस्तकात सगळं आहे. वर्गात नाही. माझ्या बहिणीच्या वर्गात तो पाठ आला तेव्हा सरांनी सांगितलं, हा घरी वाचा. घरी म्हणजे कुठं? फडावरच्या कोपीत? पोरं मागच्या बाकावर खिदळत होती. मी त्या पोरांतलाच होतो, एक वर्ग पुढं. आकृतीवर काय काय लिहिलं होतं ते इथं छापता येणार नाही. ज्या पाठानं माझ्या बहिणीला पुढं डॉक्टरला एक उलटा प्रश्न विचारायचं बळ दिलं असतं, त्या पाठाचा आम्ही तमाशा केला. हा दोष दिल्लीचा नाही.

पुस्तकातून धडा काढणं हा गुन्हा दिसतो, त्याला तारीख असते, त्यावर लेख होतो. धडा पुस्तकात ठेवून न शिकवणं याला तारीख नसते. पुरोगामी लेखकाला तारीख लागते.

तारखा हव्याच असतील तर देतो. २००७ साली या राज्यात शाळेतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. (बघा, माझ्याही हातून कर्मणी प्रयोग झाला. सवय कशी लागते ते कळावं म्हणून खोडत नाही.) थांबवलं कुणी? सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांत विरोधक होते तसे सत्तेतलेही होते. शिवाजी-फुले-शाहू-आंबेडकर म्हणत निवडून येणारे आमदार त्या दिवशी भलत्याच परंपरेत जाऊन बसले.

इथंच पक्षाच्या राजकारणाचा मुद्दा येतो. २०१९ ची पिशव्यांची बातमी लोकसभेच्या ऐन धामधुमीत आली. बीडचं मतदान १८ एप्रिलला होतं. लगेच लेख निघाले की हे या सरकारचं पाप. पुढं सरकार बदललं, मग दुसऱ्या बाजूचे लेख निघाले की हे त्या सरकारचं पाप. मी सांगतो, परळीतलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ मध्ये उघडं पडलं तेव्हा सरकार दुसरं होतं. त्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली तेव्हा ते सरकार बदललेलं होतं. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८९४ मुली होत्या. २०११ ला ८०७. राज्यात सगळ्यात कमी. या दहा वर्षांत जिल्ह्याला मंत्रिपदं कमी नव्हती. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाचंच बघा, घोषणा एकाच्या राजवटीत, कार्यालय २०२२ ला दुसऱ्याच्या राजवटीत, आणि तेही पुण्यात. इकडं बीडच्या चौकात श्रेयाचे बॅनर दोघांचे. ज्या कारखान्यांचे अध्यक्ष सगळ्या पक्षांत आहेत, त्या कारखान्यांबद्दल पक्षाच्या चष्म्यातून लिहिलं की कारखाना दिसत नाही. लेखक ज्या पक्षाच्या विरोधात असेल त्या पक्षाचा मुकादम तेवढा दिसतो.

आणि मग तो शब्द, निवड. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं रो विरुद्ध वेड हा १९७३ चा निकाल फिरवला. मराठीत त्यावर जेवढं लिहून आलं तेवढं शिरूर कासार तालुक्यावर गेल्या पन्नास वर्षांत आलं नसेल. माझं शरीर, माझी निवड. घोषणा चांगली आहे. अमेरिकेतल्या गरीब बाईला, काळ्या बाईला त्या निकालाचा फटका पहिला बसला, हे वाचून मला आपली माणसं आठवली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या सुप्रीम कोर्टानं अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क आहे असा निकाल दिला. स्वागतच आहे. पण या लेखांनी निवड हा शब्द असा वापरला की जणू बाई एका मोकळ्या खोलीत उभी आहे, समोर दोन दारं, ती ठरवणार. माझ्या मायच्या कागदावर तिचा अंगठा आहे. कुणी हात धरून उमटवला नाही. कायद्याच्या भाषेत ती निवड आहे, संमती आहे. तिचं शरीर दिवाळीलाच उचलीत गहाण पडलेलं होतं, हे त्या कागदावर कुठं लिहायचं? निवडीवर लिहिणाऱ्यांनी आधी गहाणखत वाचायला पाहिजे.

आपल्याकडं ही दृष्टी नवी नाही, आणि या लेखांवरचा माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे. संततिनियमनाचा विषय निघाला की हे लोक र. धों. कर्व्यांचं नाव घेतात. घ्यावंच. १९२७ पासून १९५३ पर्यंत एकट्या माणसानं 'समाजस्वास्थ्य' चालवलं. पण १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर खटला झाला तेव्हा कोर्टात त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं होतं? बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मोठमोठे सुधारक तेव्हा घरात बसले होते. फाइलीतल्या कर्व्यांवरच्या तीन लेखांपैकी एकात बाबासाहेब आहेत, तेही कंसात.

त्याच्या आधी, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून भार सरकारनं उचलला पाहिजे, पण जो मालक बाईच्या श्रमाचा फायदा घेतो त्यालाही त्यातून सुटता येणार नाही. बघा, वाक्यात कर्ते कसे हजर आहेत. सरकार, मालक, बाई. १९२९ ला कायदा झाला. मग १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारनं द्याव्यात असा ठराव मांडला. तो पडला. म्हणजे बाईला मूल नको असेल तर साधन, हवं असेल तर रजा, आणि दोन्हीचा खर्च कुणी द्यायचा त्याचं नाव, हे तिन्ही मिळून त्यांचा विचार होता. आजचे लेख यातलं साधन तेवढं उचलतात आणि रजा नि खर्च सोडून देतात. कायद्यानं २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. ऊस तोडणारी बाई बांधावर बाळंत होते आणि तिच्या बाळंतपणाचा खाडा पडतो, कारण मुस्टरवर ती नाहीच.

आता थोडं आपल्याबद्दल, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. दलित कवितेत आई फार आहे. ती जळते, राबते, धरती होते, आभाळ होते. मीही दोन-तीन कवितांत मायला सरण केलंय, टाळ्या घेतल्यात. पण तिची पिशवी माझ्या कवितेत कधी आली नाही. का नाही आली? लाज वाटली. बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये कोवळ्या पोरींची बाळंतपणं, बाळंतिणीची भूक, तिचं मरण सगळं उघडं लिहून ठेवलं, ते १९८६ ला पुस्तक झालं. आम्ही पोरांनी त्यातली भाकर घेतली, बाळंतीण सोडली. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीला डीजेवर जेवढी वर्गणी जाते तेवढ्यात एका टोळीला हंगामभर पुरेल असा आडोसा आणि पाण्याची टाकी होते. हे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत बोललो तर म्हणाले, तू विषय भरकटवतो.

तर या लेखांकडून मला काय पाहिजे? अश्रू नको. "गर्भाशयाविना गावं" असे मथळे नकोत, गावाला गर्भाशय नसतं, बाईला असतं. मला एक लेख असा पाहिजे ज्यात मुकादमाच्या वहीचं एक पान जसंच्या तसं असेल. ज्यात लिहिलेलं असेल की २०१९ नंतर जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी सिव्हिल सर्जनची परवानगी लागते, आणि त्यामुळं कोण कोण शेजारच्या जिल्ह्यात जायला लागलं ते शोधलेलं असेल. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं, त्याचं आपल्या तालुक्यात काय झालं हे विचारलेलं असेल. असा लेख लिहायला पुण्याहून यायला लागत नाही. तुम्ही-आम्ही लिहू शकतो. व्याकरण कमी पडलं तर माझ्याकडं पुस्तक आहे, शेवटची पानं सोडून.

हे सगळं लिहायची घाई अशी की माझी धाकटी बहीण, तीच जिला मी दवाखान्याबाहेर सांभाळत होतो, चोवीस वर्षांची झालीय. दोन लेकरं आहेत. तीन महिने झाले, तिच्या अंगावरून पांढरं जातंय. परवा तिचा नवरा एका डॉक्टरकडं घेऊन गेला होता. सोनोग्राफीचा फोटो घेऊन आली. पिशवीला सूज आहे म्हणे. मुकादम घरी येऊन गेला, पैशाची काळजी करू नका म्हणाला.

माय त्याला म्हनली, "तुझी वही आण आधी."

तो हसला आणि गेला. बहिणीला घेऊन मी सोमवारी बीडच्या सरकारी दवाखान्यात जातोय. जिनिंगमध्ये सुट्टी मागितली. मुकादम इथंही आहे, फक्त त्याला सुपरवायझर म्हणतात. तो म्हणाला जा, पण दिवस कापीन.